नौतप्यातला रंग

आज सकाळी कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला आणि मला पुन्हा राग आला. वाळ्याचा वास मला आवडतो. पाणी पडलं की सगळं घर ओल्या मुळांच्या वासानं भरून जातं आणि दुपार जरा सोसवेलशी होते. पण अलीकडे त्या वासाच्या मागोमाग दुसरा एक वास येतो, रंगाचा आणि थिनरचा, आणि त्याच्यामागून तो उन्हाळा येतो. त्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याचे हात गेले असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. ते गेले नव्हते. मला राग येतो तो याच गोष्टीचा, आणि मधे इतके उन्हाळे येऊन गेले तरी तो उतरलेला नाही.

झाशीचा उन्हाळा काय असतो हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सांगून सांगून मी थकले. ते फोनवर म्हणतात, "आमच्याकडेही फार उकडतंय हो." उकडतं म्हणजे घाम येतो, पदर ओला होतो, चिडचिड होते. इथे घाम दिसतच नाही. तो अंगावर यायच्या आत वाळलेला असतो. दारावर टाकलेला ओला पंचा चहा होईपर्यंत कडक होतो. सूर्य रोहिणीत शिरला की नौतपा लागला असं इथे म्हणतात, आणि ते नऊ दिवस तापलेल्या वाऱ्याची लू अशी वाहते की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी मुलींच्या इंटर कॉलेजात जन्मभर भूगोल शिकवला. कोरडी हवा आणि दमट हवा यांतला फरक फळ्यावर इतक्या वेळा काढला की झोपेतही काढून दाखवीन. आणि माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर, हवेनं केलेल्या उद्योगाचं खापर एका माणसाच्या हातांवर फुटलं.

हा माणूस म्हणजे आमचे दिनकरराव. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. हयातभर मालगाडीच्या डब्यांची चित्रं काढली. रिटायर झाल्यावर लोक यात्रेला जातात, प्लॉट घेतात, कॉलनीच्या समितीत भांडतात. यांनी नगरा भागातल्या आमच्या घराची मागची खोली घेतली आणि मालगाडी बनवायला बसले. वितीएवढा एकेक डबा, प्लास्टिकचे पत्रे कापून आणि पितळेची तार वाकवून केलेला. शिडी, कडी, दाराचा अडसर, पत्र्यावरचा एकेक खिळासुद्धा मापात. मी विचारलं, "इंजिन का नाही करत? लोक इंजिनं करतात." म्हणाले, "इंजिनाचे फोटो सगळेच काढतात. मालडब्याकडे कोण बघतं?"

डबे रंगवायला त्यांनी एअरब्रश आणला, तेव्हा आमचं पहिलं भांडण झालं. एअरब्रश म्हणजे पेनासारखी हातात धरायची लहानशी बंदूक. वर रंगाची इवलीशी वाटी, पोटात लांब सुई, टोकाला बारीक भोक, ज्याला नोझल म्हणतात. मागून नळीनं कॉम्प्रेसरची हवा येते. बोटानं खटका दाबला की हवा सुटते, तोच खटका मागे ओढला की रंग सुटतो आणि धुक्यासारखा जाऊन बसतो. त्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत माझी दुपारची झोप गेली. माझ्या लहान स्टीलच्या वाट्या एकेक करून मागच्या खोलीत गेल्या आणि परत आल्या त्या गेरूच्या रंगाच्या होऊन. मी खूप बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढची वाटी नेली.

आता सांगायला हरकत नाही की मला ते बघायला आवडायचं. दाराशी उभी राहून बघायची मी, भाजी निवडत. खटका ओढणारं ते बोट जेमतेम हलायचं आणि पांढऱ्या प्लास्टिकवर तो तांबूस तपकिरी रंग हळूहळू चढायचा. बघता बघता त्या प्लास्टिकचं लोखंड व्हायचं. हात असा स्थिर की बघणाऱ्याचाच श्वास रोखला जावा. वर्षभरात सगळी गाडी झाली. राहिला फक्त शेवटचा डबा, गार्डाचा. त्याला दोन्हीकडे उघडी गॅलरी, कठडे, दिवा लावायची खुंटी. ते म्हणायचे, मागे गार्डाचा डबा लागल्याशिवाय ती मालगाडी नाहीच, नुसते सुटे डबे. तो डबा त्यांनी चैत्रात जोडून ठेवला, रंग तेवढा राहिला.

चैत्रातच आमचा समीर आला. एकुलता एक मुलगा. नोकरी पुण्यात, आणि बोली मात्र झाशीची. मराठी कळते सगळी, बोलताना निम्म्यात हिंदीत शिरतो. त्याची पुण्याची बायको यावर हसते आणि मला तेही आवडत नाही, पण तो विषय वेगळा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, पन्ह्याची पातेली भरली होती, आमच्या इथल्या मूठभर मराठी बायका कैरीची डाळ खात पंख्याखाली बसल्या होत्या. त्या गर्दीत समीरनं बाबांच्या हातात एक मखमली डबी ठेवली. आत नवा एअरब्रश. परदेशी, चंदेरी, आरशासारखा. "बाबा, सबसे फाइन वाला है. आपके काम के लायक." दिनकररावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बायकांनीही हातात घेऊन बघितला, कुणी म्हणालं दागिनाच आहे. जुना, मुलामा उडून पितळ दिसायला लागलेला, कापडात गुंडाळून फडताळात गेला.

आणि मग वैशाख आला.

सुरुवातीला नुसता खोकायचा तो एअरब्रश. रंग सुटायचा, मधेच थांबायचा, मग फटकन थेंब उडायचा. सुईच्या टोकावर रंगाचा कण वाळून बसायचा. तो पुसला की जरा चालायचा, पुन्हा बंद. डब्यावर जो रंग पोचायचा तो वाटेतच वाळलेला, भुकटीसारखा; हात फिरवला तर रव्यासारखा लागायचा. पातळ केला तर ओघळ. घट्ट ठेवला तर भोक तुंबायचं. गार्डाचा डबा त्यांनी रंगवला, धुतला, पुन्हा रंगवला, पुन्हा धुतला. त्यांचं शिट्टी वाजवत काम करणं बंद झालं ते मला आधी लक्षातच आलं नाही.

मी त्यांच्यासाठी मोबाइलवर उपाय शोधायला बसले आणि माझं डोकं फिरलं. जो तो सांगत होता, रंग दुधाइतका पातळ करा. कोणाच्या दुधाइतका? आमच्याकडे चिरगावकडचं म्हशीचं दूध येतं, तापवलं की बोटभर साय. शेजारी येतं त्याच्यात अर्धा हापसा असतो. तुमच्या देशातल्या पाकिटातलं निळसर पाणी तुम्ही दूध म्हणत असाल, तर तसं सांगा ना! पुढे म्हणे, खोलीच्या तापमानाला काम करा. आमच्या खोलीच्या तापमानाला मेणबत्ती आपोआप वाकते. मग म्हणे, हवा कोरडी असेल तर थोडी काळजी घ्यावी. थोडी! जगातली सगळी माणसं जणू पावसाळी बेटावर स्वेटर घालून मॉडेलं रंगवत बसली आहेत, आणि आपण इथे बुंदेलखंडात उगाचच जन्माला आलो. हे लोक स्वतःच्या खिडकीबाहेरची हवा साऱ्या जगाची समजतात, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे झालं नाही की बघणारे म्हणतात, चूक तुमच्या हाताची.

तसंच झालं. समीरनं व्हिडिओ कॉलवर बघितलं. दिनकरराव खटका ओढत होते, रंग अडखळत होता, ते पुन्हा पुन्हा बोट मागेपुढे करत होते. समीर म्हणाला, "बाबा, हाथ काँप रहा है क्या?"

दिनकरराव म्हणाले, "असेल जरा."

बस. तेवढ्या दोन शब्दांवर सगळी इमारत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन, डॉक्टरला दाखवा. तिसऱ्या दिवशी नणंदेचा, आपल्या काकांचे पण हात असेच कापायचे. मग समीरनं मला एकटीला फोन केला. "आई, तू समझ. बाबांनी आता हे सब छोडायला पाहिजे. रंग, थिनर, इस उमर में. जूनमध्ये मी येतो, सामान पॅक करू, कॉम्प्रेसर किसी को दे देंगे. तुम्ही दोघं पुण्याला चला. वहाँ लिफ्ट आहे, हॉस्पिटल सामने आहे."

मी विचारलं, "आणि बाबा तिथे दिवसभर करतील काय?"

"आराम," तो म्हणाला.

मला त्याचा कान धरावासा वाटला. ज्या माणसानं जन्मात दुपारी आडवं होणं मान्य केलं नाही, त्याला हा आराम देणार होता. प्रेमानंच म्हणत होता, मला माहीत आहे. पण प्रेमानं म्हटलं म्हणून चुकीची गोष्ट बरोबर होत नाही.

मी कंबर कसली. पाण्यापासून सुरुवात केली. आमच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याच्या बुडाशी पांढरी खरपुडी धरते, तेच पाणी रंगात जात होतं. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. थोडा फरक पडला. सदर बाजारातल्या एका दुकानदारानं एक थिनर दिलं, "सब में चलता है, भाभीजी." ते पाण्यात कालवायच्या रंगात घातलं मात्र, लिंबू पिळलेल्या दुधासारखा रंग फाटला आणि सगळ्या एअरब्रशची आतडी साफ करण्यात दुपार गेली. त्या दुकानदाराला मी जाऊन जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग रंग मलमलीतून गाळला, तर मलमलीचेच तंतू नोझलमध्ये. चहाच्या बारीक गाळणीतून गाळला, ते जमलं. हवा दमट व्हावी म्हणून कूलर मागच्या खोलीत लावला, तर वाळ्याच्या काड्या उडून ओल्या रंगावर चिकटल्या आणि गार्डाच्या डब्याला मिशा फुटल्या. त्यावर मी हसले. दिनकरराव हसले नाहीत, चिमट्यानं एकेक मिशी काढत बसले.

रंगात ग्लिसरीनचे थेंब टाका म्हटलं, टाकले. हवेचा दाब कमी करा म्हटलं, केला. ऊन चढायच्या आत बसा म्हटलं, बसले. आणि इथेच मला काहीतरी खटकायला हवं होतं. या माणसानं आयुष्यात माझं काही पहिल्या सांगण्यात ऐकलेलं नाही. चहात आलं आधी की साखर आधी यावर आमचा संसारभर वाद आहे. तो माणूस आता मुकाट्यानं मी सांगेन ते करत होता, नाही जमलं की नुसती मान हलवत होता. एका सकाळी त्यांनी एअरब्रश धुतला, पुसला, मखमली डबीत ठेवला आणि पेपर घेऊन कूलरसमोर जाऊन बसले. मी चहा दिला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.

लहान मूल गरम दुधाचा पेला धरतं तसा धरला होता कप. त्यांचा हात कापताना मी बघितलेला नव्हता, तेव्हाही नाही. पण सांडेल म्हणून ते घाबरले होते. चारी बाजूंनी सगळ्यांनी हात कापतो, हात कापतो म्हटल्यावर कुणाचा हात त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहील? मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आदळली.

नौतप्यात मी दर वर्षी कुरडया घालते. आमच्या गल्लीत हे एक नवलच असतं. इथल्या घरांच्या छतांवर बड्या, म्हणजे सांडगे, आणि पापड वाळतात, कुरडई फक्त आमच्या. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, तो शिजवून गरम आहे तोवरच सोऱ्यातून घालायचा. त्या सकाळी जाड भोकांची चकती सापडेना, म्हणून मी बारीक शेवेची बसवली आणि छतावर गेले. ऊन अजून कोवळं होतं, पण हवा आत्ताच फुफाट्यासारखी. एक कुरडई जेमतेम पडली. चीक भोकांशीच वाळायला लागला. मी दांडा फिरवतेय, दाबतेय, काही पडेना. शेजारच्या छतावर मिश्राइन भाभी पापड पसरत होत्या. थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या, "क्यों भाभीजी, अब हाथ में जान नहीं रही का?"

मी ताडकन म्हटलं, "हाथ को क्या हुआ? हाथ एकदम ठीक है! चकती बारीक है!"

आणि तशीच थांबले. सोऱ्या मांडीवर, दांडा हातात. मिश्राइन भाभींनी विचारलंही, लू लगी क्या? मी चीक तसाच टाकून खाली उतरले. तो पुढे दगडासारखा झाला आणि पातेलं घासताना माझ्या नखांचे हाल झाले, पण ते नंतर.

फडताळातून जुना एअरब्रश काढला, मखमली डबीतून नवा. दोन्हींची टोकं काढून खिडकीच्या उजेडाकडे धरली. जुन्याच्या भोकातून उजेड दिसत होता. नव्याचं भोक चष्मा लावूनसुद्धा शोधावं लागलं. सबसे फाइन वाला. बर्फाच्या देशातल्या हवेत तो केसासारखी रेघ काढत असेल. आमच्या वैशाखात रंग त्या भोकापर्यंत पोचायच्या आधीच वाळत होता. मला हे समजायला इतके दिवस लागले याचं वाईट वाटत नाही, मी काही रंगवणारी नाही. पण दिनकरराव? लोखंडाच्या पट्टीतला केसाएवढा फरक नुसत्या डोळ्यांनी सांगणारा माणूस?

ते कूलरसमोर बसले होते. मी दोन्ही टोकं त्यांच्या पेपरवर ठेवली. "तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हो."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. थंडीत छान चालेल तो. या हवेत नाही."

"मग बोलला का नाहीत? जुना का नाही काढला?"

"अगं, समीरनं हौसेनं आणला. रोज फोनवर विचारतो, नया वाला कैसा है बाबा. त्याला सांगू, की तुझा कामाचा नाही, फडताळात टाकला?"

"आणि तो म्हणाला हात कापतो, ते चाललं तुम्हाला?"

"म्हातारपणी हात कापायचाच. त्यात काय एवढं? त्याचं समीरला वाईट नाही वाटत."

मी कपाळावर हात मारला. असा संताप मला लग्नानंतर कधी आला नव्हता. एका एअरब्रशचा मान राखायला या माणसानं स्वतःचे हात देऊन टाकले होते. मुलाला म्हातारा बाप खपतो, पण न चालणारी भेट खपणार नाही, असं यांनी परस्पर ठरवलं होतं. मी जे तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकत राहिले. मग एकदम हळू म्हणाले, "पहिले काही दिवस मला पक्कं ठाऊक होतं. मग समीर म्हणाला, ताई म्हणाली, सगळेच म्हणाले. मी चहा पिताना हाताकडे बघायला लागलो. आणि गंमत सांगू? बघत राहिलं की खरंच कापल्यासारखा वाटतो. आता मला नाही सांगता येत, नोझल की हात."

मी त्यांचा उजवा हात धरला, तो गार होता, कूलरच्या वाऱ्यानं. म्हटलं, जुना काढा, आत्ता रंगवा. नाही म्हणाले. समीर येऊन जाऊ दे. आणि माझ्याकडून शब्द घेतला की मी त्याला काही सांगणार नाही.

समीर आला तो रिकामी खोकी आणि चिकटपट्टी घेऊन. पाऊस अजून कुठेच नव्हता, लू तशीच. जेवण झाल्यावर तो मागच्या खोलीत गेला, आम्ही दोघं मागोमाग. भिंतीजवळ फळीवर सगळी मालगाडी उभी होती आणि शेवटी तो गार्डाचा डबा, धुऊन धुऊन पांढरा पडलेला. समीर बराच वेळ बघत राहिला. त्यालाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. म्हणाला, "बाबा, इतना पूरा करके ही बंद करते हैं. मी रंगवतो. मी व्हिडिओ बघितले आहेत."

त्यानं रंग कालवला, अगदी व्हिडिओत सांगतात तसा. मखमली डबीतून एअरब्रश काढला. कॉम्प्रेसर सुरू झाला. खटका दाबला, ओढला. दोन श्वास रंग आला, मग फुसकन थांबला, मग फटकन थेंब उडून त्याच्या पांढऱ्या शर्टावर. त्यानं टोक पुसलं. पुन्हा तेच. सुई काढून धुतली, पुन्हा बसवली. पुन्हा तेच. कपाळावर आठ्या, ओठ दाताखाली. दिनकरराव घाईघाईनं म्हणाले, "छान आहे तो एअरब्रश, फार छान आहे. हवेचा दोष आहे, तू जरा..."

माझ्याच्यानं राहवेना. "काय रे समीर," मी विचारलं, "तुझेही हात कापायला लागले का?"

मी शब्द मोडला नाही. मी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं.

समीरनं हातातल्या एअरब्रशकडे बघितलं. मग टोकाकडे. शिकलेला मुलगा आहे, यंत्रातलं कळतं त्याला, आजवर बघितलंच नव्हतं एवढंच. मग त्यानं बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, जणू बाहेर काही फार महत्त्वाचं चाललं होतं.

"बाबा. आपको पता था?"

दिनकररावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"और मैं सबको बोलता रहा..." तो उठला, विचारल्याशिवाय फडताळ उघडलं, कापडात गुंडाळलेला जुना एअरब्रश काढला. लहानपणी बाबांना हातोडी देत असे तसा, मुठीची बाजू पुढे करून, तो त्यांच्यासमोर धरला. ते घेईनात. स्वतःच्या हाताकडे बघत होते.

शेवटी त्यांनी घेतला. रंगात आणखी पाणी घातलं, पुस्तकात सांगतात त्याहून पुष्कळ जास्त. गाळणीतून गाळला. दाब उतरवला. ओल्या फडक्यानं सुईचं टोक पुसलं आणि गार्डाच्या डब्यावर पहिला हात फिरवला. रंग बसला. ओला, एकसारखा, तांबूस तपकिरी. ते दर वेळी टोक पुसत होते आणि पुन्हा फिरवत होते, कठड्यांच्या आतून, शिडीच्या मागून, आणि त्या प्लास्टिकचं लोखंड होत होतं. कोपऱ्याशी पोचेपर्यंत त्यांच्या तोंडून ती जुनी, बेसूर शिट्टी यायला लागली होती. समीर खोक्यावर बसून बघत होता. शर्टावरचा डाग त्यानं पुसला नाही. रिकामी खोकी पुढे मी कुरडया ठेवायला घेतली.

आम्ही पुण्याला गेलो नाही. नवा एअरब्रश वाया गेला असंही नाही. पौषात इथे धुकं पडतं, हवा ओलसर असते, तेव्हा तो झकास चालतो आणि केसासारखी अक्षरं लिहितो. समीर हल्ली फोनवर विचारतो, "बाबा, अभी कौन सा सीज़न चल रहा है, मेरा या आपका?" दोघं हसतात. सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटेल. त्यांनाही वाटतं.

मला वाटत नाही. आता मागच्या खोलीत कॉम्प्रेसर सुरू आहे. दिनकररावांनी नवी गाडी काढली आहे, दगड वाहणाऱ्या उघड्या डब्यांची. मघाशी मला हाक मारून म्हणाले, "अगं, दूध झालंय का बघ," म्हणजे रंगाची वाटी वाकडी करून तो कसा ओघळतो ते मी सांगायचं. ते माझंच काम आहे आता. सकाळी चहा मीच देते. कप ते एका हातानं उचलतात, कसा स्वच्छ उचलतात. पण उचलण्याआधी एक क्षण हाताकडे बघतात. पूर्वी बघत नसत. जन्मभर त्यांनी कधी स्वतःच्या हाताकडे बघितलं नव्हतं, हाताच्या पुढे काय आहे ते बघितलं होतं. तेवढं एक बघणं त्या उन्हाळ्यानं त्यांच्यात ठेवून दिलं आणि ते कुठल्याच पाण्यानं धुऊन निघत नाही. म्हणून कूलरमध्ये वाळा भरताना मला राग येतो, आणि पुढच्या वर्षीही येणार आहे.